शंभराच्या आत

सोलापुरात गोल्फ खेळतात हे सोलापूरकरांनाच फारसं ठाऊक नाही, मग बाहेरच्यांची काय कथा. गावाबाहेर मुरमाड माळावर नऊ होलांचं एक जुनं मैदान आहे. त्याला दोन चकरा मारल्या की अठरा होल होतात. गवत पावसाळ्याचे तीन महिने, बाकी वर्षभर मुरूम आणि कुसळं. दुसऱ्या गावांत होलाभोवती मऊ हिरवळ असते म्हणे. इथं वाळूत जळकं ऑइल कालवून, वर रोलर फिरवून केलेला काळपट गोल असतो. त्याला ब्राऊन म्हणतात, आणि तो तसाच दिसतो.

नबीसाब त्या ब्राऊनच्याच वाटेनं या खेळात शिरला. अक्कलकोट रोडला त्याचं ट्रकचं गॅरेज. गाड्यांतून काढलेलं जळकं ऑइल डबे भरभरून क्लबला पोचवायचा. एकदा डबे उतरवून उभा असताना कुणीतरी गमतीनं हातात काठी दिली आणि म्हणालं, मारा बघू. नबीसाबनं मारला. बॉल असा गेला की बघणाऱ्यांच्या माना वळल्या. पुढच्या महिन्यात तो सदस्य झाला. तसा बॉल त्यानंतर वर्षभर गेला नाही, ही गोष्ट वेगळी.

पन्नाशीच्या उंबऱ्यावर माणसानं कुठलाही नाद करावा, पण मोजायचा नाद करू नये. गोल्फ म्हणजे नुसतं मोजणं. जितके फटके कमी तितके तुम्ही शहाणे. नबीसाबचे पहिल्या वर्षी एकशे चाळीस व्हायचे. फोनवर व्हिडिओ बघून तो शिकायचा. व्हिडिओतला गोरा माणूस लुसलुशीत गवतातून बॉल अलगद उंच उचलायचा आणि तो होलाशेजारी टपकन बसायचा. नबीसाबनं तेच केलं की काठी मुरमावर आपटून ठिणगी उडायची आणि बॉल ब्राऊनवरून पार पलीकडच्या बाभळीत. दीड वर्ष मनगटं दुखवून घेतल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की या मातीत बॉल उचलायचा नसतो, लोळवायचा असतो. मग वीस पावलं अलीकडं टाकून तो बॉल लोळवायला लागला. एकशे चाळीसचे एकशे वीस झाले, एकशे दहा झाले आणि एकशे दोनवर येऊन जे घोडं अडलं, ते चार वर्षं अडलं.

आता तुम्ही म्हणाल, एकशे दोन काय आणि नव्व्याण्णव काय, ट्रकला काय फरक पडतो? पण क्लबाचा रिवाज होता. शंभराच्या आत ज्याचे फटके आले, त्याला कार्ड. कार्डवाल्यांनी सकाळी दहापर्यंत आणि चारनंतर खेळायचं. बिनकार्डवाल्यांनी बारा ते तीन. सोलापुरात बारा ते तीन कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. आणि कार्ड मिळायचं तर एका कार्डवाल्यानं अठरा होल बरोबर चालून सही करायची. सेक्रेटरीचं म्हणणं साधं होतं, "नबीसाब, आधी स्वतःच्या मोजणीत शंभराच्या आत या. मग माणूस देतो. उगाच कुणाला उन्हात का मारायचं?"

बोलणं रास्त होतं, म्हणूनच जास्त झोंबायचं. सहा वर्षं नबीसाब भर दुपारी एकटा खेळला. डोक्याला ओला पंचा, पाठीला पिशवी. सोबतीला कोण, तर मायाप्पा. हा धनगर गडी आपली मेंढरं मैदानात चारायचा. क्लबानंच त्याला मुभा दिली होती, तेवढंच गवत कापायला नको. पण मेंढरं चरतात तशी हगतातही. चांगला मारलेला बॉल जाऊन लेंड्यांच्या ढिगात रुतायचा, नाहीतर ओल्या दिवसांत उमटून वाळलेल्या खुराच्या खळगीत. तिथून काठी बसायची नाही. मग नबीसाब बॉल उचलून बाजूला ठेवायचा आणि वहीत एक फुली मारायचा. फुली म्हणजे दंड, एक फटका जास्तीचा. व्हिडिओतल्या गोऱ्यानं नियम सांगितला होता, बॉल खेळता येत नसेल तर उचला, पण एक फटका वाढवा. एका डावात चार, पाच, कधी सहा फुल्या पडायच्या.

"मायाप्पा, तुझी मेंढरं माझा जीव घेणार एक दिवस!" नबीसाब ओरडायचा.

"जनावर हाय मालक, त्याला काय ठावं तुमचं बॉल कुटं पडतंय," मायाप्पा म्हणायचा. "अन् तुमी बी तितंच मारताय की."

नबीसाबच्या तळपायाची आग मस्तकात जायची. बघणारं कुणी नाही. मेंढरांनाही नियम ठाऊक नाहीत. फुली न मारता पुढं गेला असता तर कोण विचारणार होतं? पण गॅरेजमध्येही त्याची तीच खोड होती. नट एक आटा कमी पिळलेला असला, तर गाडी वेशीपर्यंत गेली तरी परत बोलवायचा. फुली मारायचा, चडफडायचा आणि खेळायचा.

यंदा फेब्रुवारीत एका दुपारी त्याच्या वहीत, फुल्यांसकट, नव्व्याण्णव झाले. त्यानं तीनदा बेरीज केली. मग तसाच, घामेजलेला, सेक्रेटरीच्या टेबलावर वही ठेवून आला.

सेक्रेटरीनं पाठवलेला माणूस म्हणजे शरणप्पा. बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेला, वीस वर्षांचा कार्डवाला. छत्री, बाटलीत ताक आणि चेहऱ्यावर उपकार घेऊन आला. पहिल्या नऊ होलांत नबीसाबचं काहीच जमेना. लोळवायचे ते बॉल उडत होते, उडवायचे ते लोळत होते. शरणप्पा लांबून छत्रीखालून बघायचा, होल झाला की विचारायचा, "किती लिहू?" नबीसाब सांगायचा, तो लिहायचा. पंधराव्या होलाला नबीसाबनं मनातल्या मनात हिशेब केला. उरलेले सगळे होल जिवाच्या करारानं खेळले, तरी एकशे एक. त्यातच तिथं बॉल जाऊन लेंड्यांत बसला.

नबीसाबनं तो उचलला. "एक दंड धरा," तो कसाबसा म्हणाला.

"कसला दंड?" शरणप्पानं विचारलं.

"लेंड्यांत गेला की. उचलला मी."

"मग? उचलायचाच असतो. लेंड्या, खूर, सगळं फुकट. हितला नियम आहे तो. काठीभर लांब ठेवायचा अन् मारायचा. दंड कसला त्याला?"

नबीसाब बघतच राहिला. "कुठं लिहिलंय?"

"लिहायचं काय त्यात? सगळ्यांना माहीत असतंय की."

"सगळे म्हणजे कोण?"

शरणप्पानं छत्री या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. सगळे म्हणजे सकाळचे. सकाळी चौघे-चौघे मिळून खेळतात. एकाचा बॉल लेंड्यांत गेला की दुसरा म्हणतो, घे उचलून. नवा कार्डवाला पहिल्याच दिवशी शिकतो. दुपारी एकट्यानं खेळणाऱ्याला हे कुणी सांगायचं? मायाप्पा जवळच काठीवर रेलून उभा होता. तो म्हणाला, "सकाळची साहेब लोकं उचलत्यातच की मालक. तुमी बी उचलत हुता. त्याचं तुमी मोजताय, हे मला काय ठावं?"

"आजचे दंड किती धरलेत?" शरणप्पानं विचारलं.

"ह्याच्याआधी तीन. हा चौथा."

शरणप्पानं चारही वजा केले. उरलेले तीन होल नबीसाब कसा खेळला, हे त्याला नंतर आठवलं नाही. शेवटी आकडा आला अठ्ठ्याण्णव. शरणप्पानं सही केली, हात पुढं केला आणि म्हणाला, "अभिनंदन. आता शनिवारी सकाळी साडेसहाला या."

सहा वर्षं ज्यासाठी कातडी भाजून घेतली, ते कार्ड हातात होतं आणि नबीसाबला कुणाच्या तरी कानाखाली वाजवावीशी वाटत होती. कुणाच्या, ते ठरत नव्हतं. सेक्रेटरीनं फसवलं नव्हतं. शरणप्पानं लपवलं नव्हतं. कुणीच काही केलं नव्हतं, आणि एवढ्यावरच त्याची सहा वर्षं गेली होती.

घरी येऊन त्यानं जुन्या वह्या काढल्या. मोटारींच्या पार्टच्या खोक्यांतून एकेक काढून फुल्या मोजायला बसला. अनवरी, त्याची बायको, लसूण सोलत होती. नबीसाब तिला ऐकू जाईल असं बोलत होता. ही वजा, ही वजा, बघ, इथं सत्त्याण्णव. इथं अठ्ठ्याण्णव. मग चार वर्षांपूर्वीच्या वहीवर त्याचं बोट थांबलं. जानेवारीतला रविवार. एकशे दोन आणि सहा फुल्या.

"शहाण्णव!" तो ओरडला. "अनवरी, चार वर्षांपूर्वीच झालं होतं माझं! शहाण्णव! ह्या लोकांनी चार वर्षं माझी उन्हात होळी केली, कळलं का तुला?"

तिनंही दोन शब्द त्या लोकांना हासडावेत, एवढीच त्याची अपेक्षा होती. अनवरीनं लसणाची ताटली बाजूला ठेवली.

"जानेवारीतला रविवार? मेहनाज आली होती, तोच का जी?"

"असेल. त्याचं काय?"

"त्याचंच आहे. मेरेकू सब याद है," अनवरी म्हणाली. "तुमचा तो चामड्याचा हातमोजा. अब्बाचा मोजा किती मळलाय म्हणून पोरीनं साबणानं धुऊन उन्हात घातला. तो कडक झाला. तुम्ही तसेच खेळायला गेलात आणि परत येऊन दारातच तिच्यावर ओरडलात. जावई समोर बसलेले. कुणी सांगितलं होतं हात लावायला, म्हणालात. तुझ्यामुळं गेला माझा डाव, म्हणालात."

नबीसाबनं वहीवरचं बोट काढून घेतलं.

"दोन दिवस राहायला आली होती," अनवरी म्हणाली. "चौथा महिना होता तिला. त्याच संध्याकाळच्या गाडीनं अकलूजला गेली. रस्ताभर रडली, जावईच सांगत होते. आणि आता तुम्ही सांगता, डाव गेलाच नव्हता. मग आमची पोर कशासाठी रडली?"

वड्याचं तेल वांग्यावर काढायची खोड पुष्कळांना असते. नबीसाबला ती आहे हे गॅरेजमधल्या पोरांना ठाऊक होतं, शेजारच्या टायरवाल्याला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त नबीसाबला. त्यानं वही मिटली. क्लबाबद्दलचा संताप अजून छातीत धगधगत होता, पण तो आता कुणाला ऐकवावा अशी जागा घरात उरली नव्हती.

दिवेलागणीला त्यानं फोन घेतला आणि गच्चीवर गेला. मोज्याचं बोलायचं, एवढं ठरवलं होतं. कसं, ते ठरलं नव्हतं. चार वेळा वाजल्यावर मेहनाजनं उचलला.

"अब्बा?" तिचा आवाज जपून होता. "आज गेलता काय खेळायला?"

"गेलतो."

ती जरा थांबली. "किती झाले?"

नातवाला, आवेजला, फोन द्यायच्या आधी ती दर वेळी हे विचारायची; आकडा वाईट असला की तो झोपलाय म्हणायची. लेकीला बापाच्या खेळात केवढी गोडी, असं नबीसाब टायरवाल्याला कौतुकानं सांगायचा. आज पहिल्यांदाच ते थांबणं त्याला ऐकू आलं.

"अठ्ठ्याण्णव," तो म्हणाला.

पलीकडं मेहनाजनं श्वास सोडला. "चांगलं झालं की," ती म्हणाली, आणि तोंड फिरवून तिनं आत हाक मारली, "आवेज, ये रे बाळा, नानाशी बोल. आज चालतंय."