टाकी सुटली की येतो

रोह्याजवळच्या एका केमिकल कंपनीत दत्तात्रेयच्या हुद्द्याचं नाव भलं लांबलचक होतं, पण काम दोनच शब्दांचं. माल सोडवणे. कंपनी परदेशातून पेट्रोलियमचं सॉल्व्हंट मागवायची, चटकन पेट घेणारं. ते न्हावाशेवा बंदरात उतरलं की एक्स्प्लोझिव्ह खात्याचं लायसन दाखवायचं, कस्टमची तपासणी उरकायची आणि मालाने भरलेली टाकी रोह्याला आणायची. या कामात दत्तात्रेयचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं.

त्याची आई पुतळी पेणच्या खाडीकाठची. जन्म मिठागरात गेला. लेक रोह्याशेजारी वरशाला फ्लॅट घेऊन राहिला तरी तिने गाव सोडलं नाही. त्याचं काम मात्र आपल्या परीने समजून घेतलं होतं. फोनवर जेवणाखाण्याच्या आधी विचारायची, "सुटली का रं तुजी टाकी?" तो हो म्हणाला की शेजारणींना सांगत सुटायची.

यंदा तिच्या पोटाचं दुखणं विकोपाला गेलं. पेणच्या दवाखान्यात धाकटी लेक नम्रता तिच्या उशाशी बसून होती. हाल बघवत नव्हते. आणि नेमकी तेव्हाच टाकी अडकली. माल किती तापला की पेट घेतो, याचा कागदावरचा आकडा एक आणि कस्टमच्या प्रयोगशाळेतला त्याहून बराच कमी. म्हणजे माल जास्त धोक्याचा निघाला, आणि इतका धोक्याचा माल साठवायचं लायसन कंपनीकडे नव्हतं. आता परवानगी असलेली दुसरी जागा शोधा, नव्याने अर्ज करा, हेलपाटे घाला.

साहेब म्हणाले, "तुम्ही आईकडे जा, प्रविण बघेल." प्रविण हा कस्टम एजंटचा माणूस, कामाला चोख. पण आपल्याशिवाय टाकी हलायची नाही, हे दत्तात्रेयने डोक्यात धरूनच ठेवलं होतं. अरे, टाकी लोखंडाची, ती कुठे जाते? पुढे ती त्याच्याशिवायच सुटली, हे सांगतानाही जीव जळतो.

त्या संध्याकाळी आईचा फोन आला. आवाज पार खोल गेलेला.

"कवा येतोस रं?"

"टाकी सुटली की लगेच येतो, आय."

"सुटंल, सुटंल," उलट तीच त्याला धीर देत म्हणाली. "मी हाय."

बंदरावर त्याचा फोन धड लागत नसे. म्हणून त्याने प्रविणला नम्रताचा नंबर देऊन ठेवला होता. मी लागलो नाही तर टाकीचं हिला कळव, मी लागेपर्यंत ही फोन करत राहील.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो बंदराच्या फाटकाबाहेर चहा घेत होता. शेजारून ट्रेलर खडखडत चालला होता. तेवढ्यात नम्रताचा फोन लागला.

"दादा," ती म्हणाली, "सुटली."

दत्तात्रेयच्या डोक्यावरचं ओझंच उतरलं. तो हसला. हो, चक्क हसला. ते हसू त्याला पुढे जन्मभर छळणार होतं.

"सुटली? म्हटलं नव्हतं मी? आयला सांग, आता निघालोच. दिवेलागणीला पोचतो."

ट्रेलर पुढे निघून गेला, खडखड थांबली, आणि मग त्याला बहिणीचं रडणं ऐकू आलं.

"कुनाला सांगू, दादा?"