ओनोरीनचे नाक

ओनोरीन पॅरिसच्या चित्रशाळांतून वर्षानुवर्षे चित्रकारांपुढे प्राचीन कथांतली देवी किंवा राजकन्या म्हणून उभी राहिली. कधी व्हीनस, कधी खडकाला साखळदंडांनी जखडलेली आंद्रोमेदा. आमच्या चित्रशाळेत तिच्या खांद्यांना मान होता, नाकाला नव्हता. ते मध्येच उंचावलेले होते, आणि देवींची नाके कपाळापासून सरळ उतरतात हे आम्ही प्लास्टरच्या पुतळ्यांवरून शिकलो होतो. निसर्गाच्या चुका दुरुस्त करणे हीच कला, असे आमचे गुरू ओबेर्तां सांगत.

तिची मुलगी झेली बर्गंडीतल्या खेड्यात आजीकडे वाढत होती. तान्ही असतानाच तिथे ठेवलेली. फोटोंच्या आधीचा तो काळ. आईचा चेहरा तिला ठाऊक नव्हता.

"साहेब, माझं एक चित्र काढा," ओनोरीनने विनवले. "कपडे घातलेलं. आपली आई कशी दिसते ते पोरीला कळू दे."

ओबेर्तां उदार होते. त्यांनी मन लावून चित्र काढले. ती बराच वेळ पाहत राहिली.

"ही कोण, साहेब?"

"तूच की!"

"नाक माझं नाही."

"अगं, तुझ्या नाकाचं जे व्हायला हवं होतं ते केलंय. तेही फुकटात!"

विद्यार्थी हसले. तिने हट्ट धरला तेव्हा गुरूंनी पुन्हा ब्रश उचलला, प्रामाणिकपणे तिच्याकडे निरखून पाहिले, आणि पुन्हा तीच सरळ रेघ ओढली. त्या हाताला दुसरे नाक येतच नव्हते.

चित्र तसेच गावी गेले. वसंतात वाईनची पिंपे घेऊन गावचा गाडीवान मात्युरां चित्रशाळेत आला.

"काय देखणी संतमातेची तसबीर पाठवलीस गं! पाद्रीबाबांनी चर्चमध्ये टांगली. झेली रोज मेणबत्ती लावते तिच्यापुढे. आणि विचारते, आईचं चित्र कधी येणार?"

ओबेर्तां सुखावले. "म्हणजे पावित्र्य उतरलंय!"

ओनोरीनने गावी निघायला शाल ओढून घेतली.

"आत्ता?" ओबेर्तां ओरडले. "प्रदर्शन तोंडावर आलंय, आंद्रोमेदेला अजून चेहरा नाही! गेलीस तर या दारात पुन्हा उभी करणार नाही."

"नका करू," ती म्हणाली आणि मात्युरांच्या गाडीत रिकाम्या पिंपांमध्ये जाऊन बसली.

नंतर काय झाले ते मात्युरांने पुढल्या खेपेला सांगितले. झेलीने दारातल्या बाईकडे टक लावून पाहिले आणि आत हाक दिली, "आजी, कोण आलंय बघ! नाक अगदी तुझंच आहे!"

आंद्रोमेदेचा चेहरा आम्ही प्लास्टरच्या मुखवट्यावरून पुरा केला. परीक्षकांनी त्यातल्या जिवंतपणाची विशेष प्रशंसा केली. त्यात आमच्यापैकी कुणालाही काही वावगे दिसले नाही.