न जुळलेली फाइल

इथले भुताखेतांचे अनुभव मी जेवताना करमणूक म्हणून वाचतो... खोटं कशाला बोलू? चकवा, पिंपळ, पांढरी साडी, यातल्या कशावरच माझा कधी विश्वास बसला नाही. माझा विश्वास चेकसमवर. नंदुरबारला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, आणि डाउनलोड केलेली फाइल मी तपासल्याशिवाय घेत नाही. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, त्यातला प्रकार.

चेकसम म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा समजा — आकडे आणि अक्षरांची एक लांबलचक ओळ. फाइलमध्ये तीळभर फरक पडला तरी अख्खी ओळ बदलते. जुळली तर फाइल अस्सल. नाही जुळली तर काढून टाका, पुन्हा उतरवा. हा धडा मी नात्यागोत्यात इतक्यांदा दिलाय की लग्नात लोक मला बघून मोबाइल लपवतात.

माझी मावशी कळसाडीची. गेल्या श्रावणात तिच्या मुलीने, आमच्या रंजूताईने, तिच्याकडून आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीची गाणी म्हणवून घेऊन मोबाइलवर रेकॉर्ड केली होती. हिवाळ्यात मावशी गेली. ताई सुरतला असते. निरोप मिळाल्याबरोबर निघाली, पण गाडी नंदुरबारला लागायच्या आतच... असो.

यंदा ताईचा मोबाइल सारखा बंद पडायला लागला. फॉरमॅट करणं भाग होतं, आणि गाण्यांची फाइल तेवढ्या एकाच ठिकाणी. मी म्हटलं, "ताई, ड्राइव्हवर टाक आनि चेकसम माले धाड. जुळना का मंगच फॉरमॅट कर."

भरदुपारी दुकानात फाइल उतरवली. जुळली नाही. मला आलेली ओळ ताईला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून तसं कळवलं. नवल एवढंच, की अर्धवट उतरलेली फाइल लहान असते. ही किंचित मोठी होती! म्हणून शेवट ऐकून पाहिला. गाणं संपलं, बांगड्या वाजल्या, थोडा वेळ काहीच नाही... आणि मग मावशीचा आवाज — "रंजू, येस."

मला हसूच आलं. नातवंडं तिला इंग्रजी शिकवायची, येस-नो, थँक्यू. त्यातलंच काहीतरी असेल, असं समजून मी ती फाइल कायमची डिलीट केली आणि पुन्हा उतरवली. या वेळी सगळी ओळ जुळली. ताईला फोन लावला, "जुळनं ताई. कर फॉरमॅट."

पलीकडे ती एकदम रडायला लागली. "गाना तरी वाचनात रे भाऊ. माय त माले येस बी नही बोलनी... तशीच निंघी गई."

अहो, आमच्या अहिराणीत 'येस' म्हणजे 'येते'! घरातून निघताना कुणी 'जास' म्हणत नाही, 'येस' म्हणतात. आणि मी, कळसाडीच्या अंगणात वाढलेला दीडशहाणा, त्याचं इंग्रजी करून मोकळा झालो होतो.

ताईला फॉरमॅट थांबवायला सांगितलं. तिच्याकडची मूळ फाइल शेवटपर्यंत ऐकायला लावली. बांगड्यांपाशी संपते. जुळलेली फाइलही तिथेच संपते. का विचारतोस, म्हणाली, तर मी काहीतरी थाप मारली. डिलीट झालेलं परत आणायचं माझ्याकडे होतं नव्हतं तेवढं सगळं सॉफ्टवेअर चालवलं. काही नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर ती न जुळलेली ओळ तेवढी आहे, पण ठशावरून माणूस परत उभा करता येत नाही.

परवा ताई आली होती. प्रकाशा गावाला तापीच्या काठावर बसलो होतो, तिथे शेवटी सगळं सांगून टाकलं. मान वर करायची हिंमत होत नव्हती. ती म्हणाली, "आवाज कसा व्हता? धाप लागेल व्हती का तिले?"

मावशीला दमा होता. प्रत्येक गाण्यात मध्येच तिचा श्वास तुटतो. मी आठवून पाहिलं.

"नही ताई. बिलकुल नही."

"मंग बरं," एवढंच बोलली. रागावलीसुद्धा नाही. रागावली असती तर मला जरा बरं वाटलं असतं.

तो शब्द त्या फाइलमध्ये कुठून आला, मला आजही सांगता येत नाही. तो ताईसाठी होता, आणि मी तो पुसला, एवढंच कळतं.