ठकीमावशीचा डावा कोपर

ठकीमावशीसारखी चिकू उतरवणारी बाई घोलवडच्या वाड्यांत दुसरी दाखवा, मी संगिता हे नाव बदलून घेईन. जाळी लावलेली लांब काठी उंच फांदीत घालते, मनगटाला एक हिसका देते, की फळ जाळीत. वर आम्हालाच बोलणी, "हात चालवा गं, तोंडं काय चालवता!" आणि सगळ्यात जास्त तोंड चालतं तिचंच. जावई सुनिल तेवढा त्यातून सुटला होता. त्याच्याशी ती पाहुण्याशी बोलावं तसं बोलायची.

ह्या थंडीत तिचा डावा कोपर दुखायला लागला. काठी धरवेना, चहाचा कप हातातून सुटायला लागला. मालक भला माणूस, म्हणाला, "मावशी, तुम्ही आता शेडमध्ये बसून फळं निवडा." मावशीचं तोंड एवढंसं झालं. झाडाखालून उठून शेडमध्ये बसायचं म्हणजे म्हातारी झाले हे कबूल करायचं. त्यानंतर ती कोणाला बोलेचना, तेव्हा माझाच जीव खालीवर झाला.

तेल चोळून झालं, शेकून झालं, काळा दोरा बांधून झाला. शेवटी मीच तिला ओढत डहाणूला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी मूठ आवळायला लावली, तशी मावशी कळवळली.

"दुखतं कोपराला, पण ताण मुठीचा आहे," बाई म्हणाल्या. "मूठ आवळली की ज्या स्नायूंवर जोर येतो, त्यांची दोरी कोपराच्या हाडाला चिकटलेली असते. ती रोज ताणून दुखावली आहे. डाव्या हातात एवढं घट्ट काय धरता?"

"काठी, दुसरं काय," मी म्हणाले. पण मावशी तर उजवी. हिसका उजव्या हाताचा, डाव्याचा नुसता टेकू. बाईंनी पुन्हा विचारलं, मावशी छताकडे बघत राहिली.

बाहेर सुनिल तिला न्यायला मोटारसायकल घेऊन उभा होता. मावशी एका बाजूला पाय सोडून मागे बसली आणि डाव्या हातानं मागची लोखंडी पट्टी अशी आवळली की बोटं पांढरी पडली. गंजाडच्या घरून घोलवडला कामावर तो तिला रोज सोडायचा, तेव्हाही हे असंच चालायचं, खड्डा आला की आणखी घट्ट.

"अगं बाई, त्याचा खांदा धरायला काय झालं तुला?"

"जावयाच्या अंगाला हात लावू?" ती माझ्यावरच डाफरली. "लाज आहे मला."

"मग ती लाज घेऊन बस शेडमध्ये," मी म्हणाले. खरंच राग आला होता मला.

सुनिल समोर बघतच म्हणाला, "मला वाटायचं, आईंना मी पसंत नाही. त्यांच्या रोशनीनं आपल्या मनानं लग्न केलं ना माझ्याशी."

मावशीचे डोळे भरले, माझेही. सुनिलनं गळ्यातला टॉवेल खांद्यावर टाकला. "मला नका धरू, आई. टॉवेल धरा."

तिनं धरला.

मग काही आठवडे काठी बंद. घरी पाण्याचा तांब्या हातात घेऊन मनगट हळूहळू खाली सोडायचा व्यायाम बाईंनी दिला होता, तो मावशीनं कुरकुरत केला. होळीच्या आधी ती परत झाडाखाली आली आणि आमच्या मागे बोलणी परत लागली.

काल त्यांची गाडी वाडीच्या फाटकाशी थांबली. टॉवेल नव्हता. खांद्यावर मावशीचा हात होता आणि ती सुनिलला म्हणत होती, "डोळे घरी ठेवून येतोस काय रे मेल्या? एक खड्डा सोडला नाहीस."

सुनिल हसत होता.