डाव्या हाताची सरस्वती

"मास्तर, या मुलीचा डावा हात बांधा," हेडमास्तर म्हणाले आणि सुतळीचा तुकडा माझ्या मेजावर टाकून गेले.

मुलीचं नाव यमू. वय आठ. वडील दरबारच्या कोठीवर कारकून. मी नुकताच देवासहून धारला मुलींच्या एका शाळेत खुशखताचा मास्तर म्हणून लागलो होतो. खुशखत म्हणजे वळणदार अक्षर. मुलींना बोरू धरायला शिकवायचं, कित्ता गिरवून घ्यायचा, पुढे अक्षराभोवती वेलबुट्टी आणि महिरप काढायला शिकवायची, एवढंच माझं काम. यमू सगळं डाव्या हातानं करायची आणि तिचं अक्षर मात्र फाटकं यायचं. जिथं रेघ जाड हवी तिथं बारीक, बारीक हवी तिथं जाड.

हेडमास्तरांचा हुकूम साधा होता. "दसऱ्यापर्यंत उजव्या हातानं लिहिती झाली तर ठीक. नाहीतर नाव काढतो. डाव्या हातानं विद्या? शाळा आहे का तमाशा?"

मी नवा होतो. मी तिचा हात बांधला.

दोन महिने ती पोर बांधलेला हात पाठीशी धरून बसायची. उजव्या हातानं 'ग' काढायला तिला अर्धा तास लागे, आणि तोही कलंडलेला. रडायची नाही. एकदा फक्त म्हणाली, "मास्तर, हा हात काय वाईट वागला?" मी तिला गप्प बस म्हटलं. हे सांगताना आजही माझा मलाच संताप येतो.

मग एका दुपारी मी बोरू तासत बसलो होतो. बोरूचं टोक सरळ कापत नाहीत, तिरकं कापतात. त्या तिरकेपणामुळंच रेघ कुठं जाड, कुठं बारीक येते. ती काप उजव्या हाताच्या हिशेबानं असते. माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. अहो, हात डावा आणि काप उजवी, तर अक्षर फाटणारच! वीस वर्षं बोरू कापणाऱ्या माणसाला एवढं कळू नये? मी एक बोरू उलट बाजूनं तिरका कापला, यमूची सुतळी सोडली आणि म्हटलं, "श्री काढ."

तिनं श्री काढला. मी तो कागद कितीतरी वेळ हातातून खाली ठेवला नाही.

कागद घेऊन हेडमास्तरांकडे गेलो. त्यांनी तो पाहिलाही नाही. "मास्तर, मैं पूछता हूँ, हात कोणता? डावाच ना? बस. दसरा झाला की नाव कट."

"पण साहेब, दोष बोरूचा होता."

"दोष तुमच्या शिकवण्याचा आहे. जा."

आमच्या शाळेत दसऱ्याला पाटीपूजन असे. एकाचे आकडे ओळीनं मांडून काढतात ती सरस्वती एका मोठ्या काळ्या पाटावर, खडूच्या पाण्यात बोरू बुडवून, काढायची. भोवती महिरप. पाट तयार करणं खुशखत मास्तराचं काम. कोणाच्या हातून करून घ्यायचा, हे कुणी विचारत नसे. खंडेनवमीच्या दुपारी मी यमूला बसवलं. दोन तासांत तिनं पाट पुरा केला. एकही आकडा ओळीबाहेर नाही. महिरपीत तर तिनं आपल्या मनानं दोन मोर बसवले.

दुसऱ्या दिवशी पालक जमले. भटजींनी मंत्र म्हटले. हेडमास्तरांनी हळदकुंकू वाहिलं आणि पाटावर डोकं टेकलं. यमूचे वडील पाठीमागच्या ओळीत मान खाली घालून उभे होते. उद्यापासून मुलगी घरी बसणार, हे त्यांना आदल्या आठवड्यातच कळवलं होतं.

भटजी म्हणाले, "वाहवा! कोणाचा हात आहे हा?"

"यमूचा," मी म्हटलं. "डावा."

हेडमास्तर लालबुंद झाले. चपराशाकडे वळून ओरडले, "पुसो ये पाट!"

चपराशी हात जोडून मागं सरला. "नी साब, म्हारा से नी होयगा."

"मास्तर, तुम्ही पुसा."

"मी पुसणार नाही," मी म्हणालो. नोकरी जाते की काय, असं वाटलं. पण दोन महिन्यांचा राग होता, तो आवाजात उतरलाच.

भटजींनी घसा साफ केला. "रावसाहेब, पूजा झालेली सरस्वती उद्या उत्तरपूजेपर्यंत हलवता येत नाही. आणि आपण स्वतः डोकं ठेवलंत. आता अपवित्र कोणाला म्हणणार? तिला की आपल्याला?"

मागून कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. यमूच्या वडिलांनी मान वर केली.

नाव कटलं नाही. कारण विचारलं असतं तर हेडमास्तरांना ते सांगता आलं नसतं. उलट वर्षअखेरच्या रिपोर्टात त्यांनी लिहिलं, 'डावखुऱ्या मुलींसाठी हेडमास्तरांच्या सूचनेवरून खास बोरू तयार करविले.' मी ते वाचून दात ओठ खाल्ले आणि सही केली. यमू शाळेत होती ना.

पुढं कितीतरी पोरांना अक्षर शिकवलं. अक्षर बिघडलं की आधी बोरू पाहावा, मग हात, हा माझा नेम झाला. हेडमास्तरांवरचा राग अजून गेलेला नाही. पण सुतळी त्यांनी नुसती मेजावर टाकली होती. गाठ मी मारली.