ज्याचा टॅग, त्यानेच काढायचा

दुर्गजवळच्या रुआबांध्यात आमच्या डॉक्टर मॅडमचं मनाच्या आजारांचं छोटंसं क्लिनिक आहे, आणि त्याच्या औषधांच्या खिडकीत मी गेली चौदा वर्षं बसते आहे. या खिडकीतून गोळ्या बाहेर जातात आणि किस्से आत येतात. मॅडमच्या खोलीत लोक घाबरून पाच मिनिटांत आटपतात. जे सांगायचं राहून जातं ते मग मला सांगतात. "मॅडमले नोका सांगू, पण..." अशी सुरुवात झाली की मी हातातली कात्री खाली ठेवते!

मैत्रिणी म्हणतात, लिहून काढ. म्हणून लिहिते आहे. सगळ्यांची नावं बदलली आहेत. एकट्या मेश्राम काकांना ते पटलं नाही. "नाव बदललं त किस्सा माहा कसा राहीन?" असं त्यांचं म्हणणं पडलं. त्यांचं नाव राहू दिलं.

*

सुरुवात सोप्यापासून करते. एक मावशी झोप येत नाही म्हणून आल्या. मॅडमनी नेहमीचा प्रश्न विचारला, "काही नशा करता का?"

मावशींनी दोन्ही कानांना हात लावले. "नइ दाई! मैं नशा-उशा नइ करंव!"

पण ओठांच्या कडेला काळी रेघ होती. आमच्याकडे गुडाखू म्हणून तंबाखू आणि गुळाचा काळा लगदा मिळतो. बायका तो बोटानं दातांवर घासतात. मॅडमनी डबी दाखवायला सांगितली. ती पदराच्या गाठीतून लगेच निघाली.

"हे काय मग?"

"एहा त मंजन आय!"

"दिवसातून दात किती वेळा घासता?"

"दस-बारा बार."

"आणि एक दिवस नाही घासले तर?"

तर डोकं दुखतं, हात थरथरतात आणि सुनेवर विनाकारण राग येतो, असं मावशींनी अगदी प्रामाणिकपणे सांगितलं. मॅडमनी पेपरवर लिहिलं आणि मला हाक मारून म्हणाल्या, "यांना नशा नाही हं. यांना फक्त दातांची फार काळजी आहे!"

*

पोलादाच्या प्लांटच्या वसाहतीतल्या, म्हणजे सेक्टरमधल्या, आमच्या मराठी बायकांची एक सवय मला आजवर मोडता आली नाही. शेजारणीला वाटीभर साखर द्यावी तशी त्या स्वतःची गोळी देतात. "मले लागू पडली, तूही घेऊन पाहा." हळदीकुंकवात वाण लुटतील आणि वर अर्धी गोळीही देतील!

अशाच एका वहिनींनी शेजारणीकडून झोपेची अर्धी गोळी घेतली. गाडीत मळमळतं, म्हणून. दुर्गला त्या गाडीत बसल्या, जायचं होतं नागपूरला, सासरी. नणंदेकडे कार्यक्रम होता. राजनांदगावही आलं नव्हतं तेवढ्यात डोळा लागला. जाग आली तेव्हा गाडी बडनेऱ्याला उभी होती. नागपूर केव्हाच मागे गेलं होतं. वहिनींचं माहेर अमरावती. बडनेऱ्याहून रिक्षाच्या अंतरावर!

चार दिवस माहेरपण करून त्या परतल्या आणि गोळीबद्दल चौकशी करायला माझ्या खिडकीशी आल्या. मी त्यांना चांगलं अर्धा तास झापलं. दुसऱ्याची गोळी घ्यायची नाही, ती कोणाला किती चढेल सांगता येत नाही, प्रवासात तर मुळीच नाही. सगळं मान खाली घालून ऐकून घेतलं.

मग हळूच म्हणाल्या, "ते सारं खरं हाय ताई. पण गोळीले रस्ता बरोब्बर मालूम होता!"

*

आता मेश्राम काका. रोलिंग मिलमध्ये क्रेन ऑपरेटर होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. मूळचे भंडाऱ्याचे. बुद्धविहारात भीमगीतं म्हणायची तर ती काकांनीच, अशी ख्याती. त्यांचा आजार असा की मन कधी खोल विहिरीत उतरतं, तर कधी इतकं वर चढतं की खाली उतरायचं नावच घेत नाही. त्यासाठी लिथियमची गोळी. रोज घ्यायची, अधूनमधून रक्त तपासायचं. गोळी चालू असली की काका ठीक असतात. आणि ठीक वाटायला लागलं की काका गोळी बंद करतात!

"गोळीनं गाडी न्यूट्रलमधे राहते पोरी," ते मला म्हणायचे. "गाण्यात उठाव येत नाई."

मागच्या खेपेला बंद केली तेव्हा तिसऱ्या आठवड्यात मे महिन्याच्या भर दुपारी स्कूटर काढली आणि कोणाला न सांगता गेले. मेश्राम काकू आणि मुलगा संध्याकाळपर्यंत वेड्यासारखे शोधत होते. काका सापडले थेट अहिवाऱ्याला, चुन्याच्या खाणींकडच्या एका चहाच्या टपरीवर. चुन्याचा दगड भट्टीत गेल्यावर त्याचं पुढे काय होतं यावर ते पाच तास बोलत होते. ओठ सुकून फाटले होते आणि पाणी प्यायला वेळ नव्हता. चहावाला काकूंना म्हणाला, "सर बहुत अच्छा पढ़ाते हैं, पर छुट्टी नहीं देते!"

आज हसायला येतं. त्या दिवशी आम्ही कोणी हसलो नाही. पुन्हा बंद केली तर पुढच्या वेळी उन्हात कुठेतरी पडलेले सापडतील, हे मॅडमनी स्पष्ट सांगितलं. लिथियम पुन्हा सुरू झालं आणि सोबत संध्याकाळची एक छोटी गोळी वाढली. काकूंना सात-आठ महिने धड झोप नव्हती, बोलता बोलता रडू यायचं. मॅडमनी त्यांच्याही नावाचा केसपेपर केला आणि गोळ्या लिहून दिल्या.

"मले काय झालं?" काकू म्हणाल्या. "आजारी त हे हायत."

तरी गोळ्या पिशवीत टाकून घेऊन गेल्या.

*

प्लांटमध्ये एक नियम आहे. यंत्राचं काम करायचं तर आधी त्याचा स्विच बंद करून त्यावर आपल्या नावाचा लाल टॅग लावायचा. तो टॅग दुसऱ्या कोणी काढायचा नाही. ज्याचा टॅग, त्यानेच काढायचा. कारण आत माणूस असतो. काकांनी हा नियम घरात इतक्या वेळा सांगितला होता की काकूंना तो तोंडपाठ होता. एका फिटरनं टॅग लावला आणि तो जेवायला गेला, तर अख्खी क्रेन त्याची वाट पाहत उभी राहिली, मोठे साहेब येऊन ओरडले तरी काकांनी हात लावला नाही, हा किस्सा तर मीच नऊ वेळा ऐकला आहे.

तर काकूंनी काय केलं? काकांच्या ट्रंकेतून जुना टॅग शोधला. त्यावर मार्करनं लिहिलं, 'गोळी बंद करू नये. सुमन मेश्राम.' आणि गोळ्यांच्या स्टीलच्या डब्याच्या कडीला सुतळीनं बांधून टाकला.

काका तणतणत डबा घेऊन खिडकीशी आले. "पाहून राहिली का पोरी? टॅग बंद स्विचले लावत असते, चालूले नाई! हिले काई समजते का?"

"मग काढून टाका ना," मी म्हटलं.

काका माझ्याकडे असे बघायला लागले की मीच ओशाळले.

"नाव त तिचं हाय ना," ते म्हणाले. आणि डबा घेऊन परत गेले.

त्या दिवसापासून काकांची गोळी एकदाही चुकलेली नाही!

*

गांजाचा एक किस्सा सांगते, छोटाच आहे. एक तिशीचे वेल्डर होते, रोज संध्याकाळी दम लावायचे. काही दिवसांनी त्यांना शेजारी आपल्याबद्दलच बोलतात असं ऐकू यायला लागलं. मॅडमनी गोळ्या दिल्या आणि गांजा बंद सांगितला.

"गोळी केमिकल है मॅडम. गांजा तो नॅचरल है."

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "धोत्रा पण नॅचरल आहे. लिहून देऊ?"

*

पुढच्या भीमजयंतीला विहारात काका गाणार होते. मी मुद्दाम गेले, खरं तर धाकधूक घेऊनच. मागे गोळी सोडलेली असताना त्यांनी सलग चार तास गाऊन दाखवलं होतं. पेटीवाला बदलला, ढोलकीवाला बदलला, शेवटी सतरंजीवाला सतरंज्या गुंडाळायला लागला तरी काका थांबेनात!

यंदा गोळीवर होते. दोन गाणी म्हणाले, नमस्कार केला आणि खाली बसले. मला वाटलं, संपलं, खरंच न्यूट्रल झालं.

तेवढ्यात मागून आवाज आला, "काका, अजून एक होऊन जाऊ द्या!" मग सगळेच ओरडायला लागले.

काका माझ्याजवळ वाकून म्हणाले, "चाळीस वर्षांत पयल्यांदा कोनी अजून एक म्हन म्हनलं!" त्यांचे डोळे भरले होते. माझेही.

*

पिंपळकर साहेब प्लांटमधले निवृत्त अधिकारी, काकांच्याच मिलमधले. मुलगा प्लांटमध्ये लागला म्हणून राहतात अजून सेक्टर दोनमध्येच. घबराट होते, त्यावर आमची गोळी चालू आहे. होळीला कोणीतरी भांगेची भजी आणली आणि साहेबांनी मिरचीची समजून सहा खाल्ली.

दुपारी त्यांच्या मिसेसचा मला फोन. "अहो, हे व्हरांड्यातल्या खुर्चीवरून उठतच नाहीयेत! म्हणतात, पुढच्या शिफ्टचा रिलीव्हर आल्याशिवाय ड्यूटी कशी सोडू?"

मी मॅडमना विचारलं. मॅडम म्हणाल्या, श्वास आणि शुद्ध बघत राहा, पाणी द्या, एकटं सोडू नका, सुस्ती वाढली तर सरळ हॉस्पिटल. साहेब शुद्धीवर होते, हो. नको तितके! ऊन अंगावर आलं तरी सावलीत यायला तयार नव्हते. शेवटी मिसेसनी मेश्राम काकांना बोलावलं. काका आले, डोक्यावर जुनं हेल्मेट घालून!

"मेश्राम, बी शिफ्ट, हजर हाय साहेब."

साहेबांनी हुश्श केलं. तीन नंबरची क्रेन आवाज करते, लक्ष ठेव, असं दहा मिनिटं समजावून चार्ज दिला. मग उठून आत गेले आणि झोपले. काका नि मिसेस उशाशी बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी साहेबांना क्लिनिकमध्ये धारेवर धरलं. गोळी चालू असताना भांग म्हणजे काय चेष्टा आहे का! साहेबांनी सगळं कबूल केलं. निघताना खिडकीशी थांबले.

"एक राहिलंच," ते हळूच म्हणाले. "मेश्रामला मग रिलीव्ह कोणी केलं?"

*

गेल्या महिन्यातली गोष्ट. मॅडमनी काकांचे रिपोर्ट पाहिले आणि खूश होऊन म्हणाल्या, "मेश्रामजी, लिथियम चालू ठेवा. संध्याकाळची छोटी गोळी मात्र आजपासून बंद."

काकांनी डबा छातीशी धरला. "तुमचं बरोबर हाय मॅडम. पन टॅग माहा नाई."

"अहो, मी डॉक्टर आहे!"

"जीएम आले तरी नाई चालत जी."

मी काकूंना फोन लावला. वीस मिनिटांत काकू ऑटोनं आल्या, हाताला कणीक तशीच. सगळा वेटिंग हॉल बघत होता. काकूंनी डबा खिडकीवर ठेवला आणि अगदी प्लांटच्या थाटात विचारलं, "काम पूर्न झालं?"

"झालं," काका ताठ उभे राहून म्हणाले.

"मानसं बाजूले झाले?"

"हाव, सारे बाजूले हायत."

काकूंनी गाठ सोडली, टॅग काढला आणि संध्याकाळच्या गोळ्यांची पट्टी माझ्याकडे सरकवली. हॉलमध्ये कोणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या. मी कौतुकानं म्हटलं, "काकू, आल्याच आहात तर तुमच्याही गोळ्या देऊ का? तुम्ही नेहमी म्हणता, हायेत अजून घरी."

काकूंनी गोळ्या नेल्या होत्या त्याच पिशवीत हात घातला आणि एक-एक करून पट्ट्या काढून डब्याशेजारी ठेवल्या. त्यांच्या नावाच्या. एकाही पट्टीतली एकही गोळी फोडलेली नव्हती.

"तुमच्याकडे पाहता पाहता," त्या काकांना म्हणाल्या, "माह्या राहूनच गेल्या."

काकांनी पट्ट्या उचलल्या आणि एकावर एक डब्यात रचल्या. झाकण लावलं. काकूंच्या हातातला टॅग घेतला, उलटा करून कोरी बाजू वर केली आणि खिडकीतून माझ्यापुढे हात केला.

"पोरी, पेन दे."