शेजारी लॉर्ड होणार होते

२००४ साली आम्ही अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसरला राहत होतो. नवरा सकाळच्या ट्रेनने न्यूयॉर्कला जायचा. माझा व्हिसा डिपेंडंट, म्हणजे नोकरी बंद. नागपूरला मी सरकारी रेकॉर्ड रूममध्ये सहा वर्षं काम केलं होतं, हे शेजारच्या आजोबांना मीच कधीतरी सांगितलेलं. ते निवृत्त प्लंबर. त्यांची लेक शाळेची बस चालवायची.

एक दिवस ते लेकीबरोबर लंडनच्या वकिलाचं पत्र घेऊन आले. इंग्लंडमधले त्यांचे एक दूरचे भाऊबंद, लॉर्ड, मूलबाळ नसताना वारले होते. वंशावळीत पुढचा हक्क यांचा. जमीनजुमला केव्हाच विकला गेला होता, राहिला होता नुसता किताब. त्यासाठी त्यांच्या आजी-आजोबांपासूनचे जन्माचे, लग्नाचे दाखले हवे होते.

"तुला जुने कागद कळतात. मदत करशील?"

"करीन की. पण तुमच्यानंतर किताब हिला मिळणार?" मी लेकीकडे बघत विचारलं.

"मुलींना मिळत नाही," तीच हसून म्हणाली. "पण बाबांना लॉर्ड म्हणायला मजा येईल."

दीड महिना आम्ही त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद लावत होतो. मला पुन्हा कामावर गेल्यासारखं वाटत होतं. शेवटी त्यांच्या आजी-आजोबांच्या लग्नाचा दाखला आला, इथल्याच न्यू जर्सीतला. मी तारीख दोनदा वाचली. लग्न त्यांच्या वडिलांच्या इंग्लंडमधल्या जन्मानंतर दोन वर्षांनी झालं होतं.

मी दाखला त्यांच्यापुढे सरकवून तारखेवर बोट ठेवलं. लग्नाआधी जन्मलेल्या मुलाकडे आणि त्याच्या वंशाकडे किताब जात नाही, हे वकिलाने पहिल्याच पत्रात लिहिलं होतं.

त्यांनी दाखला उचलून स्वतः वाचला. "म्हणजे आजोबा आधी इथे आले, आणि आजीने दोन वर्षं तिकडे एकटीने बाळ सांभाळलं. मग त्याला घेऊन बोटीने इथे आली. आम्हाला कुणी सांगितलंच नाही."

"नाही पाठवला हा कागद तर?" लेकीने विचारलं.

"पाठवायचा. तिला लपवावं लागलं असेल. मला कसली लाज?"

त्यांचे धाकटे काका लग्नानंतर जन्मलेले, म्हणून आता हक्क त्या काकांच्या मुलाचा होता. तो ओहायोत ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. कुठल्याशा भांडणावरून त्याचं आणि आजोबांचं बारा वर्षं बोलणं नव्हतं. त्यांनी आमच्यासमोरच फोन लावला.

"ऐक, मी बोलतोय. तू लॉर्ड झालास." मग जरा थांबून, "नाही, प्यायलेलो नाही."

पलीकडून हसू ऐकू आलं. मग हेही हसले आणि फोन घेऊन बाहेरच्या पायरीवर जाऊन बसले. तासभर आत आले नाहीत.

उन्हाळ्यात तो भाऊ आला. मी तेव्हा नवीनच ड्रायव्हिंग शिकले होते, तरी दोघांना मीच आजीच्या थडग्यापाशी घेऊन गेले. नव्या लॉर्डने गुडघे टेकून दगडावरचं शेवाळ खरवडलं. आमचे आजोबा वरून बाटलीतलं पाणी ओतत राहिले, तिचं नाव नीट वाचता येईपर्यंत.